घासलेला नंबर

माझ्या भावाला मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी समजूत घालायला यायला नको. त्याने चोरी केली नाही, कुणाला फसवायचं त्याच्या मनातही नव्हतं, हे मला मान्य आहे. सगळे तेच सांगतात. पण खऱ्या वस्तूला खरं दाखवायच्या नादात खोटं करून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो नेमका माझ्या आईच्या पोटी यावा, हा राग काही जात नाही.

गोष्ट बाबांच्या जीपची आहे. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला, वैशाखऱ्याच्या अलीकडे आमचं घर. धरणाच्या कामावरचा एक ठेकेदार काम संपल्यावर आपली पेट्रोलची जीप विकत होता, ती बाबांनी घेतली. तेव्हा मी इतकी लहान होते की जीप आमच्याकडे नव्हती असा काळ मला आठवतच नाही. वर्षानुवर्षं तिच्यातून बाबांनी मुरबाड ते वैशाखरे माणसं नेली. बाजाराच्या दिवशी कोंबड्या आणि भाताची पोती, म्हसा गावच्या जत्रेला अख्खी कुटुंबं, अडल्यानडल्याला बाळंतीण. मी गाडी चालवायला शिकले ती तिच्यावरच. आता मला आटगावला दिलेली आहे आणि मी शहापूरला शाळेची व्हॅन चालवते. रिक्षावाले मला लांबूनच वाट देतात, कारण माझं तोंड त्यांना माहीत आहे.

एक काळ असा आला की आमच्या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या जीपवाल्यांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. पेट्रोल परवडत नव्हतं, धंदा करायचा तर दुसरा मार्ग नव्हता. काढलेली इंजिनं भंगारात गेली. बाबांनी नाही बदललं. मुरबाडच्या स्टँडवर बाकीचे ड्रायव्हर त्यांची टर उडवायचे, की हा राबतो तो पंपवाल्यासाठी. बाबा हसून ठरलेलं उत्तर द्यायचे, "गाईला म्हशीचं काळीज बसवतो का रे कोणी?" आईला या उत्तराची चीड होती. ती म्हणायची, काळजाचं कौतुक पुरे, डब्यात तेल नाय. मला आईचं पटायचं, आणि मला अजूनही वाटतं की तिचंच बरोबर होतं. पण बाबांनी हट्ट सोडला नाही. इंजिन खोललं गेलं, रिंग-पिस्टन बदलले, एकदा घाटाच्या पायथ्याला गॅसकेट उडालं. इंजिनाचा मूळ सांगाडा, म्हणजे ब्लॉक, मात्र तोच राहिला. 'कंपनीनं दिलंय तेच इंजिन हाय' हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं की घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याच्या तांब्याआधी ते मिळायचं. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. कुणाला जमीन असते, कुणाला नोकरीवाली पोरं. बाबांना ते इंजिन होतं.

जुन्या गाडीचं इंजिन मूळचंच आहे का, हे ओळखायची पहिली खूण म्हणजे त्याचा नंबर. तो कारखान्यात ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच गाडीच्या आरसी बुकात लिहिलेला असतो. दोन्ही जुळले की इंजिन त्या गाडीचं. आमच्या जीपला तो पाण्याच्या पंपाच्या मागे, एका छोट्या सपाट जागेवर होता. जीप घेतली त्या दिवशी बाबांनी तो बुकाशी ताडून पाहिला होता, आणि तेव्हापासून त्यांच्या लेखी ते इंजिनाचं नाव झालं.

खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, कोयते, विळे सगळं धुऊनपुसून ओटीवर पुजायला मांडतात. बाबा जीप धुवायचे, बॉनेट उघडायचे आणि त्या सपाट जागेवर चढलेला गंज पॉलिश पेपरने घासून काढायचे. पूजा करायची तर नाव लख्ख दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. घासून झालं की एकेका आकड्यावर बोट ठेवून नंबर मोठ्याने वाचायचे. मग हळद, कुंकू, झेंडूचं फूल, नारळ. आम्ही दोघं भावंडं बाजूला उभी राहून त्यांच्या मागोमाग म्हणायचो. आम्हाला पाढ्यांच्या आधी तो नंबर यायला लागला. शेवटचे आकडे सात, सात, चार. दोन्ही सातांचे पाय विळ्यासारखे वाकडे होते. भाऊ त्यांना 'लंगडे सात' म्हणायचा, आणि ते आले की मुद्दाम एक पाय ओढत अंगणात फिरायचा. बाबा पूजेच्या मध्येच हसायचे.

पॉलिश पेपरने गंज निघतो, आणि गंजाबरोबर थोडं लोखंडही निघतं. बाबांना हे कळत नव्हतं असं नाही. पण वर्षातून एकदा घासायचं, त्याने काय होतंय? अशी एकेक खंडेनवमी गेली आणि आकडे उथळ होत गेले. पुढे ते फक्त तिरक्या उन्हात दिसायचे, मग तेही बंद झालं. बाबा तरी बोट फिरवून तसाच नंबर वाचत राहिले. लोक अनास्थेने वस्तूंची वाट लावतात, आम्ही हळदकुंकू वाहून लावली.

दोन-तीन वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले, नजरही अधू झाली. जीप पडवीत उभी राहिली. शहापूरजवळ बंगला बांधून राहिलेल्या एका मुंबईच्या गृहस्थाला तिचा सुगावा लागला. त्याला जुन्या गाड्यांचा शौक. मी त्याला बंगलेवाला म्हणते. बंगलेवाला बोलायला गोड होता. त्याने बाबांना सांगितलं, की गाडी आहे तशीच ठेवीन, चालती ठेवीन, दर रविवारी बाहेर काढीन. बाबांना तेवढंच हवं होतं. पडवीत कोंबड्या बसवायला जीप ठेवण्यापेक्षा ती रस्त्यावर फिरलेली बरी, असं ते मला फोनवर म्हणाले. बंगलेवाल्याची अट एकच होती, इंजिन मूळचं पाहिजे, आणि ते बघायला तो जाणता माणूस आणणार होता. बाबा या अटीनेच जास्त खूश झाले. हातच्या कंकणाला आरसा कशाला, पण आणा तुमचा आरसा, असं त्याला म्हणाले. इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलेलं वाक्य आता बाहेरचा माणूस येऊन खरं ठरवणार होता. त्यांनी मला रजा काढायला लावली. शेजाऱ्यांना बोलावलं. मुरबाडच्या स्टँडवरचे दोन म्हातारे ड्रायव्हर, ज्यांनी जन्मभर टर उडवली, त्यांनाही निरोप गेला.

आता भाऊ. तो मुरबाडला जागांचे व्यवहार जुळवून देतो. उतारा, नकाशा, सही, शिक्का, त्याचा दिवस त्यातच जातो. जे कागदावर नाही ते त्याच्या मते नाहीच. पाहणीच्या आदल्या आठवड्यात तो जीप सर्व्हिसिंगला म्हणून एका टेम्पोमागे बांधून घेऊन गेला आणि धुऊन, ऑइल बदलून परत घेऊन आला. बाबांनी मला कौतुकाने सांगितलं. मलाही कौतुक वाटलं. ते आठवलं की आज स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

रविवारी सकाळी बंगलेवाला आला. बरोबर आणलेला तपासनीस पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. चहा नको म्हणाला, बाही वर केली आणि बॉनेटखाली वाकला. ब्लॉकच्या अंगावर ओतकामाच्या वेळचा ठसा असतो, तो त्याने आधी शोधला, आणि हा जीपच्या वयाला धरून आहे म्हणाला. कार्बोरेटर जुनाच, बोल्ट जुने, रंगाखाली मूळचा रंग. त्याच्या प्रत्येक वाक्यासरशी बाबा खुर्चीत ताठ होत होते. मग तो पंपामागे वळला. बाबांनी आपण होऊनच सांगितलं, की आकडे जरा झिजलेत, दर वर्षाला पूजेला घासतो ना.

"झिजलेत कुठे काका, चांगले ठळक आहेत," तो म्हणाला.

बाबा एकदम हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ गो, माझीच नजर गेलेली." त्या क्षणी त्यांना इतका आनंद झाला होता, की म्हातारपणाने नंबर नाही, फक्त डोळे खाल्ले. मला तो चेहरा विसरता येत नाही आणि भावाला माफ करता येत नाही ते या चेहऱ्यामुळे.

तपासनिसाने थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने ती जागा पुसली. फडक्यावर काळं ऑइल आलं. भिंग काढलं, बॅटरी तिरकी धरली, बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, हा नंबर कधी मारला? कंपनीनं मारला, बाबा म्हणाले. नंतर कुणी हात लावला का, त्याने विचारलं. बाबा उठले. गुडघे धरून जीपपर्यंत गेले आणि मडगार्डवर हात ठेवला.

"हिच्यावर हात ठेवून सांगतो. मी आकडा बदलला नाय, इंजिन बदललं नाय. कंपनीनं दिलं तेच हाय."

स्टँडवरचे म्हातारे, शेजारी, बंगलेवाला, सगळे ऐकत होते. मी पुढे होऊन बॉनेटखाली डोकावले. गेली कित्येक वर्षं जिथे काही दिसत नव्हतं तिथे कोवळा, टवटवीत नंबर होता. आकडे बरोबर होते. सात मात्र सरळ पायांचे होते. मी भावाकडे पाहिलं. तो चपलेच्या टोकाने अंगणातला खडा इकडून तिकडे ढकलत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तपासनीस वाईट माणूस नव्हता, हे मला कबूल करावं लागतं. आवाज न चढवता त्याने सगळं दाखवलं. कारखान्यातून आलेल्या पृष्ठभागावर एका दिशेच्या बारीक रेघा असतात. इथे ग्राइंडरच्या गोल रेघा होत्या. आकडे सारखे खोल नव्हते, हाताने पंच, म्हणजे आकडा कोरलेली पोलादी कांडी, धरून हातोडीने मारलेले होते. जुनं दिसावं म्हणून वर काळं ऑइल चोळलेलं होतं. तो म्हणाला, "नंबर खोटा आहे, एवढं मी सांगू शकतो. इंजिन कुठलं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही."

आता का, मी विचारलं. त्याने पिशवीतून एक छोटी बाटली काढून दाखवली. आकडा ठोकताना त्याच्याखालचं लोखंडही दाबलं जातं, म्हणाला. वरून नुसतं झिजलं असेल तर हे औषध लावल्यावर खालचा आकडा पुष्कळदा उमटतो. पूजेत झिजलेला नंबर मी कदाचित काढून दाखवला असता, असं तो म्हणाला. पण ग्राइंडरने तो थरच उडवला, आणि उरलंसुरलं नव्या पंचाखाली चेपलं. बाटली त्याने पुन्हा पिशवीत ठेवली.

ही बाटली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बाबांच्या इतक्या वर्षांच्या घासण्याने जे मेलं नव्हतं, ते माझ्या भावाने एका दुपारी मारलं.

मी तरी प्रयत्न केला. मी तपासनिसाला सांगितलं की खरे सात वाकड्या पायांचे होते, मी लहानपणापासून पाहिलेत. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग हळूच म्हणाला, की बरोबर आहे, त्या काळातल्या इंजिनांवर तसलेच सात असतात. म्हणजे त्याला पटलं होतं. पण ताई, तुमची आठवण मला माझ्या कागदावर लिहिता येत नाही, असं म्हणून त्याने बाही खाली केली. त्याला पटलं नसतं तर मी भांडले तरी असते. पटूनही उपयोग नाही म्हटल्यावर माणसाने कुणाच्या अंगावर जायचं?

बंगलेवाला निघताना बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, जुन्या गाड्यांत असं चालतंच. असं चालतंच! माझ्या बाबांनी जीपवर हात ठेवून शपथ घेतली, आणि हा त्यांना मोठ्या मनाने माफ करून गेला. स्टँडवरचे म्हातारे चहा तसाच टाकून उठले, एवढंच.

अंगण मोकळं झाल्यावर मी भावाला धरलं. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. मोबाईलवर त्याने पाहिलं होतं, की घासलेला नंबर म्हणजे चोरीची गाडी किंवा बदललेलं इंजिन, असंच लोक धरून चालतात. म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून त्याने आरसी बुकातलाच नंबर मारून आणला. "ताई, नंबर तर खराच हाय ना? मी दुसरा थोडाच मारला?" हे त्याने मला विचारलं, आणि त्याला खरोखरच कळत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या कशा मेल्या ते कळत नाही, तसं.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसून होते. तिथूनच म्हणाले, "मला इचारलं का नाय?"

"तुमी नाय म्हटलं असतं," भाऊ म्हणाला.

बाबांनी मान हलवली. एवढंच बोलणं झालं.

पुढचे महिने वाईट गेले. मुरबाडच्या चहाच्या टपरीवर गोष्ट आमच्याआधी पोचली, आणि पोचता पोचता बदलली. म्हातारा जन्मभर थापा मारत होता, डिझेल नको म्हणायचा आणि आत कुणाचं तरी चोरीचं इंजिन, अशी ती झाली. मी एकदोघांना रस्त्यात अडवून सुनावलं. माझ्या सुनावण्याने बाबांची आणखीच नाचक्की झाली, असं नवऱ्याचं मत आहे, असेल. मला चैन पडत नव्हतं. आम्हाला काही विकून खायचं नव्हतं. या माणसाने दिवसरात्र स्टिअरिंग धरून एकच गोष्ट जपली होती, ती खरी होती, आणि ती खरी असल्याचा पुरावा आम्हीच घरातल्या घरात छाटून टाकला होता. होळीच्या आधी मी माहेरी गेले असताना एक लांबचे मामा आले. बाबांनी तांब्या पुढे केला आणि गप्प बसले. पाहुण्याला नुसतं पाणी मिळालं. मी आत जाऊन भांडी आपटली.

पुढच्या खंडेनवमीला बाबांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मी भावाशी तोपर्यंत बोलत नव्हते. विळे, कोयते ओटीवर मांडलेले होते. बाबांनी मला बॉनेट उघडायला सांगितलं आणि खिशातून पॉलिश पेपर काढला. वाकून घासायला लागले, पण हातात जोर नव्हता. सरळ पायांचे ते सात ढिम्म हलेनात.

"तू घास गो बाय," ते म्हणाले. "आपलं नाय ते. काढून टाक."

मी घासायला लागले. पंच खोल बसलेले होते, पेपरने भागेना, मग मी कानस आणली. भाऊ मागून म्हणाला की ताई, पुरता पुसलास तर ही गाडी कधीच विकली जाणार नाही, उद्या कुणी तपासायला आलं तर आपल्याला काही दाखवता येणार नाही. बरोबर बोलत होता. मी थांबले नाही. माझ्यात साठलेला वर्षभराचा राग त्या कानशीतून निघत होता आणि लोखंडाचा भुगा बोटांवर पडत होता. सगळ्यात शेवटी चार गेला. जागा कोरी झाली.

बाबांनी फडक्याने ती पुसली. मग दरवर्षीसारखं बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागले. कोऱ्या लोखंडावर बोट एकेक घर पुढे सरकत होतं. पहिल्या आकड्यापासून शेवटच्या सात, सात, चारपर्यंत एकदाही अडले नाहीत. वाचून झाल्यावर भावाकडे वळून म्हणाले, "आता तू वाच."

"काय वाचू बाबा? तिथं काय नाय."

"म्हणूनच सांगतो. वाच."

मला वाटलं, हा आता खिशातून मोबाईल काढणार आणि बुकाचा फोटो बघणार. तो पुढे आला. बोट ठेवलं. आणि न थांबता, न चुकता त्याने सगळा नंबर म्हटला. सातांपाशी एका पायावरचा भार त्याने नकळत काढून घेतला, लहानपणी अंगणात पाय ओढायचा तसा.

पाठ होता त्याला. सगळा पाठ होता, वाकड्या पायांसकट. ज्या दिवशी लेथवाल्यासमोर उभा राहून त्याने तो नंबर ठोकून घेतला त्याही दिवशी पाठच असणार. मला रडूही आलं आणि त्याहून जास्त संतापही आला.

"येत होता तर पंच कशाला मारलास?" मी विचारलं. वर्षभरात त्याच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

तो खाली बसला, हळदीची वाटी उचलली आणि बाबांच्या हाताशी धरली.